एकेचाळिसावं टिन

मु. सावळखेड, तालुका अकोट
ज्येष्ठ वद्य दशमी, शके १८६०

श्रीयुत व्याहीबुवा केशवराव यांस, वरूड मुक्कामी,

सावळखेडच्या शालिकरामाचा कमरेत वाकून रामराम. (वाकलो आहे ते खरोखरच. दोन महिने टिनं उचलून कंबर सरळ होत नाही, तेव्हा हा रामराम नुसता कागदावरचा समजू नये.) विहीणबाईंच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. आपला खोकला गेला असेल. नसेल तर अडुळशाचा काढा घ्यावा आणि तो घेताना आमची आठवण काढू नये, काढा आणखी कडू लागेल. संत्र्याच्या बागेचा पाण्याचा ताण तोडला का, फूल कसं धरलं, ते कळवावं. नव्या विहिरीची पूजा काल नवमीला होती. ती यथासांग, सोवळ्याने पार पडली असेल अशी मला खात्री आहे. किंबहुना ती पार पडावी म्हणूनच हे पत्र मी काल न लिहिता आज लिहायला घेतलं. कारण पुढे येईल. पत्र दिवेलागणीच्या आत संपवायचं आहे, कारण घरात लेखणी एकच आणि ती आज संध्याकाळी दुसऱ्या एका कामाला हवी आहे, असं आमची कारभारीण तानुबाई दर पाच मिनिटांनी दारात येऊन सांगते.

आपलं पत्र मिळालं. त्यात माझ्याबद्दल सात विशेषणं आणि दोन प्रश्न आहेत. विशेषणं ठेवून घेतली. प्रश्न असे, की वैशाखात अखजीच्या सणाला माहेरी आलेली आपली सून वच्छला अजून वरूडला परत का आली नाही, आणि तिला न्यायला पाठवलेला आपला मुलगा चंद्रभान, तोही तिकडेच का राहिला. आपण लिहिता की हे असंच चाललं तर तिसऱ्यांदा पाठवायला आपल्याकडे बैलजोडीच उरेल. व्याहीबुवा, दोघं राहिले त्याचं कारण एकच आहे, आणि ते कारण, रागावू नका, आपणच आहात.

आठवा जरा. माघात मी वरूडला आलो होतो. वच्छलेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि मी आपल्या ओसरीवर बसून पागोटं हातात धरून म्हणालो होतो, की पहिली दोन बाळंतपणं वरूडला सुइणीच्या हातून झाली, आता हे तिसरं आमच्या गावच्या धर्मार्थ दवाखान्यात होऊ द्या, तिथं डॉक्टर आहे, शिकलेली दाई आहे. त्या दोन वेळांचं मी काही लिहीत नाही. आपणही पाहिलं, मीही पाहिलं. पहिला दीड दिवस राहिला, दुसरा तेवढाही नाही. वच्छला तेव्हा रडलीसुद्धा नाही, नुसती कुडाकडे पाहत बसली होती, आणि ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. मला लेक एकच आहे. एवढं मी सांगितलं, तर आपण पाच माणसांदेखत म्हणालात, “इवाई, ज्या दवाखान्यात खाटीवर पडल्या पडल्या आभाय दिसते, तेथी माही सून मी नाई ठेवत. पयले छत टाका, मंग बोला.”

पाचही माणसं हसली. मी हसलो नाही. मी माणूस शब्दाचा पक्का. (तानुबाई म्हणते, डोक्याचा.) गावी परत आलो आणि छत टाकायला घेतलं.

आता आपण म्हणालात त्यात खोटं काही नव्हतं, हे मी कबूल करतो. दवाखान्यावर मातीचे कवेलू होते आणि कवेलूंवर वांदरं होती. समोरच्या चिंचेवरून उडी मारायची, छतावर दाणकन् उतरायचं, चार कवेलू फोडायचे आणि पलीकडे माझ्या वांग्याच्या वाडीत जेवायला जायचं, असा त्यांचा तीस वर्षांचा रस्ता आहे. दर उन्हाळ्यात फुटले तेवढेच कवेलू वरच्यावर फेरायचे, दर पावसाळ्यात पेशंटने खाट फेरायची. तेव्हा टिनाचं छत पाहिजे यावर गावाचं एकमत होतं. गावाचं एकमत असलेली कामं आमच्याकडे होत नाहीत, हीच काय ती अडचण होती. मी पाच जणांची छत कमिटी केली. त्यात सेक्रेटरी मी झालो, कारण लेखणी माझी होती.

डॉक्टर वामनराव पुण्याचे आहेत. गृहस्थ देवमाणूस, पण बोलणं असं की शिवी दिली की आशीर्वाद दिला ते घरी जाऊन कळतं. आम्ही त्यांना म्हटलं, दोन महिने दवाखाना बंद ठेवा, आम्ही छत बदलतो. ते म्हणाले, “छप्पर आपण अवश्य काढावं. रुग्ण मात्र आत राहतील. आजारी पडायचं थांबा असं मी तालुक्याला कळवू शकत नाही.” झालं. बारा खाटा, बारा माणसं, वर नत्थुजी मिस्त्री. नत्थुजी हा आमच्याकडचा बैलबंड्या करणारा नामांकित सुतार. उभ्या जन्मात बंडीच्या जुवापेक्षा उंच काही त्याने बांधलं नव्हतं, पण त्याचं म्हणणं, “बंडी असो का दवाखाना, वझं तं वझंच.” अर्धं छत उघडायचं, सगळ्या खाटा दुसऱ्या अर्ध्याखाली, मग ते उघडायचं, खाटा पुन्हा इकडे. चैत्र-वैशाखभर आमच्या पेशंटांनी जेवढा प्रवास केला तेवढा त्यांनी आयुष्यात केला नसेल.

पहिल्या दिवशी कवेलू काढले आणि आभाळ दिसायच्या आधी पाऊस पडला. पाऊस कोयनेलचा. कवेलू आणि खालच्या कामट्या यांच्या सांदीत, प्रत्येक खाटेच्या बरोबर वर, कागदाच्या पुड्या खोचलेल्या होत्या. शेकड्याने! हिवतापाची कडू पुडी डॉक्टरांसमोर तोंडात टाकल्यासारखी करायची, त्यांची पाठ वळली की खाटेवर उभं राहून छतात खोचायची, ही रीत गावात कोणी कोणाला शिकवली कोण जाणे, पण ती सगळ्यांना येत होती. वीस वर्षांचं औषध भसाभस खाली आलं. डॉक्टर मधोमध उभे. अंगावर, केसांवर, मिशीवर पांढरी भुकटी. संध्याकाळी घरी जाताना मला एवढंच म्हणाले, “शालिकरामजी, या इमारतीला हिवताप होण्याची आता भीती नाही.” (त्यातल्या चार पुड्यांवरची घडी मी ओळखली. मागे मला हिवताप झाला होता तेव्हा मी सात नंबरच्या खाटेवर होतो. हे आपल्यापुरतंच ठेवावं.)

आता टिनांची गोष्ट. रोख वर्गणी द्यायला गावात कोणी तयार होईना, पण टिन द्यायला प्रत्येकजण तयार. म्हणजे कापसाच्या जिनवाल्या रामरावांपासून ते पानमळेवाल्यांपर्यंत जो तो म्हणे, एक टिन माझं, पण त्यावर नाव पाहिजे. बरोबरच आहे. देवळाच्या पायरीवर नाव येतं, विहिरीच्या थारोळ्यावर येतं, मग टिनावर का नको? प्रश्न आला, नाव लिहायचं कुठं. वरच्या अंगाला लिहिलं तर ते कावळे आणि वांदरं वाचणार. कमिटीची तीन वेळा सभा झाली आणि शेवटी सेक्रेटरीने, म्हणजे मीच, तोड काढली की नावं टिनाच्या खालच्या अंगाला लिहावी. माणूस खाटेवर उताणा पडला की त्याला दुसरं काम काय? वाचत राहील, दात्याला दुवा देईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. व्याहीबुवा, माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण इतक्या टाळ्यांच्या गजरात एकही केली नव्हती.

नत्थुजीने जमिनीवर टिनं मांडून लाल रंगाने, बंडीवर लिहितात तशी वेलबुट्टी काढून, चाळीस नावं लिहिली आणि मग ती चढवली. चढवल्यावर कळलं की खाटेवर पडलेल्या माणसाला सगळी नावं उलटी दिसतात. दाते म्हणाले, टिनं फिरवा. नत्थुजी म्हणाला, टिनं फिरणार नाहीत, माणसं फिरवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळी नाडी पाहायला आले तर बाराही खाटांवर उशीच्या जागी पाय. त्यांनी पहिल्या खाटेवरच्या पायाचा अंगठा हातात धरला, थोडा वेळ विचार केला आणि तसेच पुढे गेले.

यातली निम्मी नावं स्वर्गवासी माणसांची होती. बापाच्या, आजाच्या नावाने दान द्यायची आपल्याकडे पद्धत, त्यामुळे ओळीने कैलासवासी, कैलासवासी, कैलासवासी. बार्शीटाकळीकडचा एक शेतकरी तापात बेशुद्ध होता, तो तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. डोळे उघडले तर वर लाल अक्षरात दहाबारा कैलासवासी, त्यातले दोन त्याच्या ओळखीचे. त्याने शांतपणे हात जोडले आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारलं, “तुमी कधी आले?” शेजारी आमच्याच चावट गावाचा. तो म्हणाला, “मले पंधरा दिवस झाले, आता सवय झाली.” त्या शेतकऱ्याचा ताप उतरला होता तो पुन्हा चढला. डॉक्टरांनी हुकूम काढला की खाटांच्या वर फक्त जिवंत माणसांची नावं असावीत, कैलासवासी मंडळींनी व्हरांड्यात आणि औषधांच्या खोलीवर जावं. नत्थुजीने तोंडाने पूर्वजांची क्षमा मागत वीस टिनं काढली आणि वीस चढवली.

मग जिवंत माणसांनी त्रास द्यायला सुरुवात केली. (मेलेल्यांनी त्या मानाने समजूतदारपणा दाखवला.) तीन नंबरच्या खाटेवर, रामराव जिनवाल्यांच्या टिनाखाली, नव्वदीचा एक म्हातारा आपल्या वयाने, आपल्या वेळेला, कोणाला त्रास न देता गेला. रामरावांच्या आईने हाय खाल्ली. आमच्या रामच्या नावाखाली माणूस मेला, नाव काढा! रामराव कमिटीपुढे येऊन बसले. म्हणाले, दान दिलं ते माणसं जगावी म्हणून. मरायचं असेल त्यांनी दुसऱ्याच्या टिनाखाली मरावं. हे ऐकताच बाकीचे दातेही उठले, की दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या? तीन तास गोंधळ झाला आणि शेवटी ठराव पास झाला. मी माझ्या हाताने लिहिला. दात्याच्या लेखी संमतीवाचून त्याच्या नावाच्या टिनाखाली कोणाही पेशंटास निजवू नये, आणि निजवल्यास त्याने तेथे मरू नये. डॉक्टरांनी ठराव दोनदा वाचला. म्हणाले, “उत्तम आहे. रुग्णांना एकदा वाचून दाखवा, म्हणजे मला रजेवर जाता येईल.”

पण ठराव म्हणजे ठराव. रामराव सांगत, माझ्या खाली सुधारत आलेलाच माणूस पाहिजे. म्हणून ज्याचा ताप उतरला, ज्याची जखम भरली, त्याला उचलून तीन नंबरवर आणायचं. महिन्याभरात तालुक्यात बोलबाला झाला की रामरावांच्या टिनाखाली गुण येतो. अकोटच्या बाजारातून माणसं बंड्या जुंपून येऊ लागली, औषध नको, फक्त त्या टिनाखाली घटकाभर पडू द्या. रामराव रोज संध्याकाळी मंदील बांधून येऊन खाटेपाशी उभे राहू लागले. मला काय वाटलं असेल याची आपण कल्पना करा. कल्पना माझी, कंबर माझी, आणि गुण रामरावांचा!

एकाच पेशंटची खाट बदलता येत नव्हती, ती पार्बताबाई. भाजी विकणारी म्हातारी, मांडीचं हाड मोडून पडलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने एक दिवस विचारलं, माह्या वर कोनाचं नाव आहे? कोणीतरी सांगून टाकलं, खुशालरावाचं. खुशालरावाने तिच्या वाडीचा धुरा-बांध वीस वर्षांपूर्वी हातभर आत सरकवला होता. म्हातारी उठून बसली. “त्या खुशालरावाच्या नावाखाली मले मराचं नाई. जीव गेला तरी मरणार नाई!” आणि खरंच मेली नाही. पाचव्या आठवड्यात काठी टेकत आपल्या पायांनी बाहेर गेली आणि जाताना टिनाकडे पाहून कडाकड बोटं मोडली. खुशालराव सगळ्यांना सांगतो, माझ्या टिनाने वाचली. एका अर्थाने खोटं नाही.

आता चंद्रभानबद्दल. अखजीनंतर पंधरा दिवसांनी तो आला, हात-पाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाला, उद्या निघतो, मामाजी, दोघंही निघतो. मी म्हटलं, निघा. जाण्याआधी जरा दवाखान्यावर एक टिन धरता का, नत्थुजीला दुसरा हात पाहिजे, घटकाभराचं काम आहे. जावयाला छतावर चढवू नये हे मला कळतं. पण तो चढला, आणि वरून त्याने काय पाहिलं ते मला माहीत नाही, खाली आला तेव्हा म्हणाला, “मामाजी, अजून बरंच काम रायलं.” दुसऱ्या दिवशी स्वतःच चढला. तेव्हापासून तो वरच आहे असं समजा. फक्त जेवायला उतरतो आणि वच्छलेला पाहायला. हातोडा चांगला चालवतो. आपण त्याला घरात आळशी म्हणता ते मी इथं कोणाला सांगितलं नाही.

आणि आता मूळ मुद्दा. ज्येष्ठ उजाडला तेव्हा चाळीस टिनं चढली होती, मृग लागला होता, आणि छताला एक भोक राहिलं होतं. एका टिनाचं भोक. ते कुठे? तर बरोबर बाळंतिणीच्या खोलीवर. चाळीस दात्यांपैकी एकाचंही नाव तिथं चालेना. कारण सरळ आहे. मूल जन्मलं की घराण्याला दहा दिवस सोयर. देवाला शिवायचं नाही, पूजा नाही, नैवेद्य नाही. आता परक्या बाईचं बाळंतपण आपल्या नावाखाली, तेही रोज कोणाचं ना कोणाचं. म्हणजे नावाला बारमाही सोयर! रामराव म्हणाले, माझ्या नावाने उद्या मारुतीला अभिषेक कसा होणार? खुशालराव म्हणाला, मी दुसरं टिन देतो, पण व्हरांड्यावर. मी म्हटलं, बिननावाचं टिन चढवा. तर कमिटीचं म्हणणं, ठरावात दात्याची संमती लागते; दाताच नाही तर संमती कोण देणार, आणि संमती नाही तर त्या खोलीत बाईला निजवणार कसं? तो ठराव माझ्या हातचा होता हो, व्याहीबुवा. स्वतःच्या अक्षराचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मी डोकं धरून चिंचेखाली बसलो. डोक्यावर वांदरं. समोर ते भोक, आणि त्या भोकातून दिसणारी बाळंतिणीची रिकामी खाट. आपले शब्द कानात, की आभाय दिसते तेथी सून ठेवत नाही. चाळीस टिनं टाकली आणि नेमकं माझ्या लेकीच्या डोक्यावर आभाळ राहिलं! मला रडू आलं ते लपवत नाही. आणि रडता रडताच लख्ख उजेड पडला. ज्याच्या नावाला वच्छलेच्या बाळंतपणाचं सोयर लागलं तरी काही बिघडत नाही, असा अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस आहे. कारण ते त्याला तसंही लागणारच आहे. ते नातवंड त्याच्याच घराण्याचं!

तेव्हा मी स्वतः अकोटला जाऊन एकेचाळिसावं टिन आणलं आणि नत्थुजीकडून त्यावर लाल रंगात, दोन्ही बाजूंना संत्र्याची फांदी काढून, लिहवून घेतलं: श्रीयुत केशवराव, बागवाले, वरूड. टिन चढलं. ज्येष्ठ वद्य पंचमीला दुपारी चढलं. कसं चढलं ते इथं लिहीत नाही. आता छत पुरं झालं आहे. आत कुठल्याही खाटेवर पडून पाहा, आभाळ दिसत नाही, फक्त ओळखीची माणसं दिसतात. आपण माघात घातलेली अट पुरी झाली, हे कळवण्यासाठी हे पत्र.

वच्छलेची प्रकृती चांगली आहे. अन्न जातं. प्रवासाजोगी मात्र नाही, आणि अजून महिनाभर तरी होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. चंद्रभान पाठ शेकत घरी पडला आहे, काळजीचं कारण नाही. विहीणबाईंना सांगावं की तानुबाई डिंकाचे लाडू करून राहिली. (का, ते त्यांनी विचारू नये.) लहानथोरांस यथायोग्य. लोभ आहेच, तो या पत्रानेही कमी होऊ नये अशी वेडी आशा करतो.

आपला नम्र व्याही,
शालिकराम
सेक्रेटरी, छत कमिटी

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. आपल्या नावाच्या टिनाखाली आपली सून वच्छला हिला निजवण्यास आपली संमती आहे, असा मजकूर मी लिहून ठेवला आहे. खाली सही करून परत पाठवावा. कमिटी मागे लागली आहे.

ता. क. सहीखाली तारीख घालताना ज्येष्ठ वद्य पंचमीची घालावी. आजची घालू नये.

ता. क. का, ते लिहितोच आता. वरचा मजकूर लिहून झाला तरी धीर होत नव्हता. पंचमीला दुपारी टिन वर नेलं आणि त्याच वेळी वच्छलेला कळा सुरू झाल्या. टिन नुसतं ठेवलेलं, एकही खिळा मारलेला नव्हता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मूल आडवं आहे, मला हात घालून फिरवावं लागेल, वर हातोड्याचा एकही आवाज नको. ते आत गेले आणि वावधन सुटलं. वारा असा की चिंच वाकली, आणि मागून सडासडा पाऊस. टिन उडालं असतं. चंद्रभान त्यावर पालथा पडला. दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, तीन तास, पाऊस पाठीवर घेत. आपल्या नावावर आपला मुलगा पडून होता, व्याहीबुवा, आणि नावाखाली आपली सून. खोलीत पाण्याचा एक थेंब आला नाही. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा त्याने विचारलं, “मामाजी, आता ठोकू का?” मी मान डोलावली. त्याने अकरा खिळे ठोकले आणि एक स्वतःच्या अंगठ्यावर. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, “घरी झालं असतं तर दोघीही गेल्या असत्या.” हे वाक्य त्यांनी पुणेरी पद्धतीने म्हटलं नाही.

ता. क. दोघी लिहिलं आहे. मुलगी आहे. आपल्याला पंचमीपासून सोयर आहे, पण ते ऐकल्यापासून लागतं. पंचमीलाच कळवलं असतं तर विहिरीची पूजा राहिली असती, म्हणून मी उशीर केला. हे कारण आपण खरं धरावं, निदान चारचौघांत. आज सहावा दिवस. सटवाई येऊन कपाळावर काय ते लिहून जाते, म्हणून तानुबाईला ही लेखणी पाटावर मांडायला हवी आहे. दवाखान्यात तिच्या खाटेखालीच पाट मांडणार आहेत. डॉक्टरांनी तिकडे पाठ केली आहे. लेखणी सोडायच्या आधी एवढंच कळवतो, की ठराव मोडलेला नाही. आपल्या टिनाखाली अजून कोणी मेलं नाही.

ता. क. बारसं आषाढ शुद्ध प्रतिपदेला. पहिल्या दोघांना नाव ठेवण्याइतका वेळ मिळाला नव्हता. हिच्याकरता टिनावर आपल्या नावाखाली नत्थुजीने वीतभर जागा मोकळी ठेवली आहे. तो रोज विचारतो, नाव काय लिहू? मी सांगतो, तिचे आजोबा येऊन सांगतील.